ओळंब्यानं बुजवलेला झरोका

जेवणं उरकली, भांडी पालथी पडली आणि मोठ्या काकांनी पाय पांघरुणात घेतले. एवढं झालं की पुतण्या-पुतणींना कळायचं, आता म्हातारा सांगणार. नवी सून मात्र दारातच थबकली.

"भुताची असेल तर मी आपली झोपायला जाते."

"जा की. जिन्यात दिवा गेलाय तेवढा."

ती मुकाट्यानं येऊन नवऱ्याला खेटून बसली. बाकीचे हसले. काका हसले नाहीत.

"भुताची आहे का कशाची, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फरशी बसवणारा माणूस. ज्याचं झालं त्यानं निम्मं आयुष्य भिंती उभ्या केल्या आणि मी त्याच्या मागून फरश्या टाकत गेलो. एका डब्यात जेवलोय आम्ही. तेव्हा ऐकीव म्हणू नका."

मग काकांनी सांगितलं ते असं.

गवंडी होता. खरं नाव हजेरीपुरतं; सगळे त्याला ओळंबा म्हणत. उंच, काटकुळा, मान खाली घालून उभा राहिला की भिंतीची सरळी बघायच्या दोरीला वजन लोंबतंय असं वाटे. लग्नाला गेला तरी नवरा-नवरीच्या आधी मांडवामागची भिंत बघायचा आणि म्हणायचा, "पोटात फुगलीय." लोक चिडायचे, पण भिंत त्याच्याकडूनच बांधून घ्यायचे. "मी बुजवलेलं पुन्हा उघडत नाही," असं तो येता-जाता ऐकवायचा, आणि ते खरंही होतं. गर्व म्हणा, पण पोकळ नव्हता.

जानेवारीतला दुसरा बुधवार. त्या वर्षी थंडी अशी की सकाळी बादलीतल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरायचा. ओळंब्याची लेक बाळंत झालेली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी यायची होती. मुलगी झालेली, वजनानं अगदीच चिमणी. डॉक्टरणीनं बजावलेलं की बाळाला ऊब कमी पडता कामा नये. म्हणून बायकोनं त्याला संध्याकाळी पिटाळलं, घरमालकाकडे गॅसचा हीटर आहे म्हणतात, तेवढा मागून आणा.

भाड्याचं घर. नवीनच घेतलेलं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि बोळाकडे भिंत असलेली मागची खोली. घरमालकानं माळ्यावरून हीटर काढून दिला. समोर मातीच्या जाळ्या, पाठीत सिलिंडर बसवायची जागा.

"चालतो ना नीट?" ओळंब्यानं विचारलं.

"चालायला काय झालंय? त्या खोलीचाच आहे. मागच्या भाडेकरीण बाई हाच वापरायच्या. थंडी वाजते म्हणून एकदाही तक्रार आली नाही त्यांची."

हीटर आणला, पेटवला. जाळ्या लालबुंद झाल्या. पण वरून, छताच्या हातभर खाली, भिंतीत एक झरोका होता. विटेएवढा, आरपार. त्यातून वारा असा यायचा की नळाची तोटी सोडलीय. बायको खोलीच्या मधोमध उभी राहिली, डोक्यावर पदर घट्ट ओढला आणि म्हणाली, "गवंड्याच्या घरात वारा शिरतोय. बाहेर सांगू नका कुणाला, काम मिळायचं नाही."

"उद्या लेक यायच्या आत बुजवतो. सासूबाई असल्यासारखी बोलू नकोस."

बुजवला. वीट फोडून बसवली, माल भरला, वरून चुन्याचा हात मारला. झरोका कुठे होता ते दाखव म्हटलं तर त्याचं त्यालाही दाखवता आलं नसतं.

लेक आली. मागच्या खोलीत तिचा पलंग, शेजारी बाळ, पायाशी हीटर. खोली कशी, कुशीसारखी गरम.

शुक्रवारी सकाळी झरोका उघडा होता.

वीट खाली बोळात पडलेली. म्हणजे आतून बाहेर गेलेली. कडा फाटक्या, कुणी दातांनी तोडाव्यात तशा. लेक म्हणाली, रात्री डोकं फार जड झालं होतं. "आणि आई, तू उशाशी उभी होतीस ना? पांढऱ्या साडीत?"

आई पुढच्या खोलीत झोपली होती. पांढरी साडी तिच्याकडे नव्हतीच. पण बाळंतिणीला घाबरवू नये म्हणून ती नुसतं "हूं" म्हणाली आणि मग नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही बुजवलेलं पुन्हा उघडत नाही ना?"

ओळंब्याला ते वर्मी लागलं. मांजर असेल, बोळातली कार्टी असतील, असं पुटपुटत त्यानं दुप्पट सिमेंटचा माल कालवला आणि झरोका पुन्हा भरला. आणि त्या रात्री, शुक्रवारची रात्र, चंद्र उगवायचा होता, घोंगडं पांघरून तो बाहेर बोळात दगडावर जाऊन बसला. चोर पकडायला.

बोळाच्या टोकाला एक दिवा. त्याचा उजेड भिंतीवर तिरका. आतून हीटरचा बारीक सूंऽ असा आवाज. मध्यरात्र उलटली.

आधी पोपडा पडला. बारीकसा.

मग चीर.

ओळंबा उठला नाही. बघत राहिला.

वीट हलली. कुणी रेटत होतं. आतून. हळूहळू, अडकलेली खिडकी ढकलावी तसं. वीट खाली पडली. आणि झरोक्यात बोटं आली. चार. फिकट. नखं अगदी बारीक कापलेली.

बोटं आत गेली...

मग तिथे तोंड आलं.

"तोंड म्हणजे चेहरा?" पुतणीनं विचारलं.

"चेहरा नाही. तोंड. नुसते ओठ."

ओठ कडांना टेकलेले. आणि ते श्वास घेत होते. ओळंब्याला ऐकू आला. लांब. खोल. बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. छाती भरून घेतला... आणि तोंड आत वळलं. जरा वेळ काही नाही. पुन्हा आलं. पुन्हा घेतला. पुन्हा आत वळलं.

आत, ज्या बाजूला बाळ होतं.

तो कसा धावला त्याचं त्याला कळलं नाही. खोलीत कुणी नव्हतं. झरोक्याखाली स्टूल नाही, खुर्ची नाही, हात पोचेल असं काही नाही. लेक पडलेली. हाक मारली, उठेना. गालावर चापट्या मारल्या तेव्हा डोळे उघडले आणि भडाभडा ओकली. बाळ मात्र टक्क जागं होतं. ओठ ओले. ओळंब्यानं दोघींना उचलून पुढच्या खोलीत आणलं आणि सकाळपर्यंत दाराला पाठ लावून बसला.

शनिवारी कामावर त्यानं हे काकांना सांगितलं. हातात थापी होती, पण माल घमेल्यातच सुकत चाललेला.

"ती माझ्या नातीचा श्वास काढते," तो म्हणाला. "तिच्या तोंडातून ओढते आणि बाहेर नेऊन टाकते. मी बघितलं."

"तू म्हणतोस, तोंड बाहेर यायचं तेव्हा श्वास आत घ्यायचं," काका म्हणाले.

"मग?"

"मग बाहेर काय टाकत होतं?"

"फरशी बसव तू," ओळंबा म्हणाला.

त्याला सगळं ठाऊक झालं होतं. वरच्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राही. सकाळी तिनंच त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलेलं. मागची भाडेकरीण नर्स होती. रात्रपाळी करून दिवसा निजायची. मागच्या हिवाळ्यात झोपली ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं म्हणाले. झरोक्यात उशी कोंबलेली सापडली होती, वारा लागू नये म्हणून तिनंच कोंबलेली. घरमालकानं तोंड दाबून ठेवलं सगळ्यांचं, नाहीतर खोली कोण घेणार?

"एकटी होती. मूलबाळ नाही," ओळंबा म्हणाला. "आता माझी नात हवीय तिला."

"अरे, मग घर सोड. आज माझ्याकडे या सगळे."

"आणि मागोमाग ती आली तर? तिनं पोर बघून ठेवलंय. पळून भागत नाही. आज सोक्षमोक्ष लावतो."

त्या संध्याकाळी त्यानं झरोक्यात लोखंडी सळ्या आडव्या-उभ्या घातल्या, खडी घातली, लगेच धरणारं सिमेंट ओतलं. आतून भरलं, बाहेरून भरलं. लेक, बाळ आणि बायको पुढच्या खोलीत. स्वतः हातोडी घेऊन मागच्या खोलीत. थंडीनं हात आखडायला नकोत म्हणून हीटर पेटवला. दाराला आतून कडी घातली. आणि दाराखालच्या फटीतून ती बाळाकडे सरकेल, म्हणून गोणपाटाची घट्ट वळकटी करून फटीत ठासली.

बायको दाराशी बसली होती. पुढचं तिनं काकांना सांगितलं, तेही फार उशिरा.

आधी त्याचा आवाज. "ये. आता फोड बघू."

मग भिंतीवर खरवड. नखांची.

"नाही उघडत," तो म्हणाला. हसला.

खरवड वाढली. भराभर. उंदीर लागावेत तशी.

"अहो... या ना बाहेर," ती म्हणाली.

"डोकं ठणकतंय गं जरा. तू झोप."

मग बराच वेळ... खरवडच. मग तीही थांबली.

काहीतरी पडलं. जड.

तिनं हाक मारली.

आणि खरवड पुन्हा सुरू झाली. भिंतीवर नव्हे. खाली. दाराच्या फटीशी. तिच्या पायापाशी. गोणपाट हललं. आतून कुणीतरी ओढत होतं. थोडंसं. पुन्हा थोडंसं.

मागे लेक निजलेली. बाळ निजलेलं.

तिनं दोन्ही पाय गोणपाटावर रोवले. आणि रेटून धरलं.

ओढ चालू राहिली... मग सैल झाली... मग राहिलीच नाही.

काका इथे थांबले. नव्या सुनेनं नवऱ्याचा हात धरला होता तो सोडून दिला होता आणि ती दाराकडे बघत होती.

"ओढणारे हात त्या नर्सचे होते का ओळंब्याचे," काका म्हणाले, "ते त्याच्या बायकोनं मला कधी विचारू दिलं नाही. मीही विचारलं नाही."

सकाळी दार फोडलं. ओळंबा दाराला लागून आडवा पडलेला. चेहरा गुलाबी, नुकताच न्हाऊन आल्यासारखा. बुजवलेला झरोका जसाच्या तसा, कुठे केसाएवढी चीर नाही. हीटर विझलेला.

गॅस एजन्सीचा माणूस आला. त्यानं हीटर बघितला, भिंत बघितली आणि डोक्याची टोपी काढली. हा हीटर खोलीतली हवा खातो, म्हणाला. त्याचा धूर दिसत नाही, वास येत नाही. आधी डोकं जड होतं, मग पाय जातात, मग कळतं पण उठता येत नाही. बंद खोलीत हा पेटवायचाच नाही. तो झरोका बांधणाऱ्यानं त्याचसाठी ठेवलेला.

"म्हणजे ती नर्स..." पुतण्या म्हणाला.

"मी फरशी बसवणारा माणूस," काका म्हणाले.

लेक बाळाला घेऊन सासरी गेली. दुसऱ्या गावाला, नवीन इमारत, चौथा मजला, भिंती काँक्रीटच्या. हीटर या शब्दावरही ती भांडायला उठायची. दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात एकदा तिला मावशीच्या आजारपणात रात्री दवाखान्यात राहावं लागलं. सासूनं नातीला आपल्याजवळ घेतलं. पोरगी गारठली, तर प्रेमापोटी शेजारणीकडून गॅसचा हीटर आणला, खिडक्या लावल्या, दार लावलं आणि नातीला पोटाशी घेऊन झोपली.

सकाळी जावयाचा फोन आला. "काका, ताबडतोब या. तुम्हाला भिंतीतलं कळतं."

काका मिळेल त्या गाडीनं गेले. आजी आणि नात, दोघी ठणठणीत. आजीचं डोकं तेवढं जरा धरलेलं. पोरगी पलंगावर उभी राहून उड्या मारत होती. आणि समोरच्या भिंतीत, छताच्या हातभर खाली, झरोका पडला होता. विटेएवढा. पलीकडचं आभाळ दिसत होतं. राडारोडा खाली रस्त्यावर पडलेला. रात्री आवाज कुणीच ऐकला नव्हता. बाहेरून शिडी लावायची तर चार मजले उंच. इमारतीत कुठे काम चालू नव्हतं, सिमेंटची एक पिशवी नव्हती.

काका टेबलावर चढले. त्यांना वाटलं, कडा फाटलेल्या असतील.

कडा फाटलेल्या नव्हत्या. चारी बाजूंनी गिलावा केलेला होता. कोपरे काटकोनात. थापीनं घोटून घोटून गुळगुळीत केलेले, आणि तळाला बाहेरच्या बाजूला बारीकसा उतार दिलेला, पाऊस आत येऊ नये म्हणून.

काकांनी बोट टेकवलं.

माल अजून ओला होता.