खुशबू मुलगा पाहायला जाते

"ओ भैया, लाइट बंद करो! ब्लॅकआउट है!"

फाटक ढकलून खुशबू मेश्राम आत शिरली आणि थबकलीच. क्वार्टरमध्ये मिट्ट अंधार होता. उजेड होता तो अंगणातल्या सिगडीचा. सिगडीवर कढई, आणि कढईत वांगं परतत बसलेला एक उंच, हसऱ्या डोळ्यांचा मुलगा...

"लाइट तं बंदच आहे," तो म्हणाला.

घराबाहेर कुणी मराठीत बोललं की खुशबूची हिंदी आपोआप गळून पडायची. "विमानाले काय समजते, लाइट का सिगडी? झाका ते."

"झाकलं तं वांगं कच्चं राहीन."

"अन् बॉम्ब पडला तं?"

"तं भाजल्या जाईन न!"

खुशबूला हसू आलं. पण सिविल डिफेन्सचं नारिंगी जाकीट अंगात असताना हसायचं नसतं, म्हणून तिने ते गिळलं — अर्धंच गिळलं गेलं.

लढाई इथून हजारो कोस दूर, आखातात पेटली होती. बघता बघता अर्धं जग तिच्यात ओढलं गेलं आणि झळ भिलाईच्या स्वयंपाकघरांत पोचली. गॅस मिळेना, तेव्हा माळ्यावरच्या सिगड्या खाली उतरल्या. जन्मात रायपूरच्या पुढे न गेलेल्या बाया नळावर उभ्या राहून कुठली सामुद्रधुनी बंद झाली ते सांगू लागल्या. लग्नाच्या बाजारात तर नुसती उलथापालथ! कालपर्यंत "पोरगा दुबईले आहे" म्हटलं की मुलीचे बाप पाघळायचे. आता भिलाईच्या पोलाद प्लांटमधला साधा ठेक्यावरचा कामगारही भाव खात होता. आणि हा वांगं परतणारा पियूष रामटेके तर आखाती हॉटेलातला आचारी, लढाई लागल्यावर मिळेल त्या विमानाने परत आलेला. त्याला कोण विचारतो?

तेवढ्यात पियूष दचकून उठला. "बाबा कुठं गेले?"

ओसरीतली सायकल नव्हती. खुंटीवरचं हेल्मेट नव्हतं. डबाही नव्हता. प्लांटमधून रिटायर झालेल्या टिकारामजींनी जन्मभर सायरन ऐकला तो ड्यूटीचा. आज सरावाचा सायरन वाजला आणि स्वारी निघाली ड्यूटीवर!

दोघं अंधारात शोधायला धावले. पियूषने मोबाइलचा टॉर्च लावला. खुशबूने झटकन त्यावर हात ठेवला. "नियम आहे."

"नालीत पडलो तं नियम काढन का बाहेर?"

"मी काढीन," ती म्हणाली आणि तिने त्याची बाही धरली. पुढच्या वळणावर बाही सुटली आणि हात हातात आला... कसा आला, ते दोघांपैकी कुणीही नीट सांगत नाही.

टिकारामजी प्लांटच्या गेटवर सापडले, पण एकटे नाहीत. हेल्मेट घातलेल्या, डबे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांचं आख्खं टोळकं तिथे उभं होतं, आणि गेटवरचा जवान कपाळाला हात लावून बसला होता.

"बाबा, सराव होता तो!"

"असन. पण लढाई लागली म्हंते, तं लोखंड लागन का नाई?" टिकारामजी ताठ मानेने म्हणाले. खुशबूला हसू आणि रडू एकदमच आलं. त्या घरावर तिचा जीव जडला तो तिथेच.

मग काय! ब्लॅकआउट आठवड्यातून एकदा, पण खुशबूबाईंची तपासणी रोज संध्याकाळी. सिविक सेंटरच्या बाजारातलं गॅसवाचून बंद पडलेलं एक हॉटेल पियूषने कोळशावर चालू करून दिलं होतं. तिथून आणलेली भाजी चाखून तिने नाक मुरडायचं, त्याने तिला चिडवायचं. सगळं गोड चाललं होतं. तेवढ्यात लढाई थंडावली, विमानं सुटली, आणि आखातातून निरोप आला: रविवारपर्यंत कळव, दोन वर्षांचा करार आहे.

"मंग? जाऊन राहिला?" तिने विचारलं.

"थांब म्हणणारं कोणी असन तं..."

खुशबूच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या बाबांनी, प्रेमानंदजींनी, आखातातल्या पोराचं नाव काढायलाच घरात बंदी केली होती. ती काही न बोलता परत आली. त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

शनिवारी सकाळी मात्र ती बाबांपुढे उभी राहिली. "चला. मले पोरगा पाहाले जायचं आहे."

"पोरगीवाले जाते का कुठं पोरगा पाहाले?"

"लढाईनं सारं उलटं केलं न बाबा. हेबी होऊ द्या."

बाबा हसले, आणि पियूषचं नाव ऐकून हसायचे थांबले. पण लेकीचे डोळे पाहून त्यांनी चपला घातल्या.

टिकारामजींनी "जय भीम" करून खाट पुढे केली. पियूष मान खाली घालून पोहे घेऊन आला.

"नाव काय?" खुशबूने सासूच्या थाटात विचारलं.

"पि... पियूष."

"स्वयंपाक येते?"

"थोडा थोडा."

टिकारामजींनी हसू लपवायला तोंड फिरवलं. प्रेमानंदजी हसले नाहीत. "नोकरी कुठं करता?" त्यांनी विचारलं.

खुशबूने कानात प्राण आणले.

"सिविक सेंटरले, काका. पगार तिकडच्या अर्धाबी नाही. पण तिकडल्याईले मी कालच नाही म्हणून सांगतलं."

"काल?" खुशबू उडालीच. "मले कावून नाही सांगतलं?"

"तुले विचारलं होतं न मी. तू गप्प गेली. म्हटलं, इथंच राहून विचारू... रोज विचारू."

सासूचा थाट पार गळून पडला. दोन्ही बापांच्या देखत खुशबूने सांगून टाकलं, "आता नको विचारू. मले तूच पायजे."

प्रेमानंदजींनी पोह्यांचा घास घेतला, सावकाश चावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"पोरगा पसंत आहे," ते म्हणाले. "पोह्यात मीठ नाही. पण शिकन."