पूजेला बसवलेल्या बाटल्या

“यांना उपाशी ठेव, अंबिके. गोडधोड मिळालं की हे रसायनाकडे ढुंकूनही बघणार नाहीत.”

कुरुप सरांचा आवाज अंबिकेच्या कानात होता आणि डोळ्यांसमोर बाटल्या. सरांनी मरणाआधी हाती दिलेल्या गाळातून तिने हे समुद्री जंतू वाढवले होते. प्लास्टिक मऊ करायचं तेलकट रसायन कारखान्यातून कोचीच्या खाडीत येई; तेच त्यांचं अन्न.

नवरात्रात प्रयोगशाळेची अवजारं पूजेला बसत. दशमीपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. यंदा या बाटल्याही बसल्या होत्या. आज दशमी, आणि बाटल्यांतला रसायनाचा तवंग जसाच्या तसा. उद्या समिती येणार. तवंग विरलेला दिसला नाही तर प्रकल्प बंद.

तिने खासगी तपास करणाऱ्या तंकमणीला बोलावलं. सोबत तंकमणीचे थोरले भाऊ भार्गवन आले.

“कुणीतरी विष घातलंय,” भार्गवन म्हणाले. “सरळ आहे.”

“चेट्टा, विषाने जंतू मरून तळाशी बसले असते. हे पाणी ताकासारखं गढूळ आहे. जीव वाढलेत,” तंकमणी भावाला म्हणाली.

तंकमणी पूजेच्या टेबलाशी वाकली. पितळी ताटात नुसत्या लाह्या. मुंग्यांची रांग ताटाला वळसा घालून बाटल्यांच्या कापसाच्या बुचांवर चढत होती.

सोमशेखरन याच प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ. प्रकल्प अंबिकेला मिळाल्यापासून धुमसत होते.

“मला बिघडवायचं असतं तर चमचाभर ब्लीचिंग पावडर पुरे होती,” ते म्हणाले. “त्या जंतूंचे डोहाळे मला कुठून ठाऊक असणार?”

विनोदिनी अंबिकेबरोबर कुरुप सरांच्याच हाताखाली शिकलेली. तिचे डोळे रडून लाल झाले होते. “सूक्ष्मदर्शक पूजेला बसतो, मग तुझ्या लेकरांनी काय पाप केलंय, असं मीच अंबिकेला म्हटलं.”

“नैवेद्य काय दाखवलात?”

“लाह्या आणि गूळ. दरवर्षीसारखा.”

“आणि किल्ली?”

“माझ्याकडेच होती. मी ती कुणाला दिली नाही.”

तंकमणीने सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि आवाज न चढवता बोलू लागली.

“गुळाचं ताट सोडून मुंगी जात नाही. ती गेली, कारण ताटात गूळ उरलाच नव्हता. तो बाटल्यांत विरघळला. पोटभर गोड मिळाल्यावर जंतू वाढले आणि रसायन तसंच राहिलं. विषाची गरजच पडली नाही. पण ही खोड दोघींनाच माहीत. सरांनी त्यांना सांगितली होती. त्यातली अंबिका आलप्पुळला माहेरी होती. किल्ली दुसरीच्या हातात होती.”

“पूजेतल्या वस्तूला हात?” भार्गवन पुटपुटले.

विनोदिनीने मान वर केली नाही. “सरांच्या आजारपणात पथ्यपाणी मी केलं. उशाशी मी बसले. आणि गाळ त्यांनी तुझ्या हातात ठेवला, अंबिके. तुझं नाव घेताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मला हाक मारायचे ती पाणी मागायला.”

अंबिकेला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि तिच्याजवळ बसावंसंही.

“गूळ संपला की यांना पुन्हा भूक लागेल,” ती म्हणाली. “पण समिती उद्या येतेय. मी काय दाखवू?”

“समिती थांबेल. मी काय केलं ते मीच सांगेन. वचन देते,” विनोदिनी म्हणाली.

“तुझी नोकरी जाईल,” सोमशेखरन म्हणाले.



सकाळी अंबिका खिडकीशी उभी होती. समितीची बोट अजून पलीकडच्या काठाला होती. खाली विनोदिनीने प्रयोगशाळेची किल्ली पहारेकऱ्याच्या हाती दिली, साडीच्या निऱ्या सावरल्या, आणि मागे न बघता ती समितीला गाठायला जेट्टीच्या वाटेला लागली.