गुऱ्हाळात 'येतो' म्हणू नका

खोटं वाटत असेल तर इथूनच मागं फिरा. खाली कमेंटमधे येऊन हसायचं न्हाई, आधीच सांगते. माझं डोकं ठिकाणावर न्हाई.

मी तृप्ती, जालन्याची. हे माझ्या सख्ख्या भावाचं, देवानंददादाचं आहे. तो घनसावंगीकडं पोलिसात हवालदार.

या दिवाळीच्या तोंडावर कुंभार पिंपळगावच्या शिवारात एक खून झाला. भंगारवाला पप्पू. बंद पडलेल्या गुऱ्हाळात, गूळ शिजवायच्या काहिलीत पालथा पडलेला.

तोंडात गच्च गूळ कोंबलेला... ताजा, कोमट.

चपला काहिलीपाशी जोडीनं ठेवलेल्या. तोंडं दाराकडं.

दादानं जुन्या माणसांना विचारलं. चाळीसेक वर्षांमागं मच्छिंद्र नावाचा माणूस तिथंच, बराबर तसाच मेल्ता. तोंडात गूळ. चपला दाराकडं.

"कुणीतरी जुन्या खुनाची नक्कल करून राह्यलंय," दादा म्हणाला. "सापडतोच मला."

भाऊबीजेला मी त्याच्या घरी जाऊन ओवाळलं. परतताना तो मला जीपनं सोडायला निघाला. वाटेत म्हणे, जरा गुऱ्हाळ बघून घेऊ.

भर दुपार. चहूकडं ऊस उभा. आत साधी चिमणीसुद्धा न्हाई. चूल कधीची विझलेली, राखेत गवत उगवलेलं.

आणि वास मात्र... उकळत्या रसाचा.

बाहेर बांधावर एक म्हातारी उभी होती. दुर्गाबाई, त्या मच्छिंद्रची सून. आत पाऊल टाकायला तयार न्हाई.

"बघून झालं का? मंग निघा. अन् निघताना 'जातो' म्हना. हितं 'येतो' म्हनायचं न्हाई."

दादा हसला. "मावशी, 'जातो' कोन म्हनतं? सणासुदीला असं अभद्र!"

"माझा सासरा 'येतो' म्हनला. त्यो भंगारवाला काहील बघून गेला, 'उद्या येतो' म्हनला. घ्या." म्हातारी थुंकली. "तुमची अक्कल तुमच्यापाशी."

मला असला राग आला! इतकं माहीत होतं तर पप्पूला अडवलं का न्हाई? तसं तोंडावर विचारलं.

"अडिवलं की. त्योबी असाच हसला."

दादा गुऱ्हाळाच्या दारात उभा राहून खिशात किल्ली शोधत होता. बोलता बोलता जिभेच्या सवयीनं म्हणून गेला,

"बरं मावशी, येतो."

आपण सगळेच म्हणतो. आईनं शिकवलंय, 'जातो' म्हणू नये.

आणि आतून, त्या रिकाम्या गुऱ्हाळातून...

"ये."

मी ऐकलं. दादानं ऐकलं. त्यानं लाठी घेऊन कोपरा न् कोपरा धुंडाळला. कुणी न्हाई. तोवर म्हातारी उसातून पार निघून गेल्ती.

मी दादाला परत जाऊच दिलं न्हाई. भांडून सुट्टी टाकायला लावली, माझ्याकडं ठेवून घेतलं. एकुलता एक भाऊ आहे माझा.

दुसऱ्या दिवशी त्यानं चहा बाजूला सरकवला.

"साखर कशाला घातली? तोंड आधीच गोड झालंय."

"मेल्या, भलतं बोलू नको!" मी ओरडले. एरवी असं म्हटलं की खदाखदा हसतो. हसला न्हाई.

आज सकाळी मी भाकरी थापत होते. दारातून त्याचा आवाज आला.

"तृप्ते, जातो."

जन्मात कधी त्यानं मला 'जातो' म्हटलं न्हाई. पिठाच्या हातानं पळत बाहेर आले.

गल्ली रिकामी. जीप जागेवर.

फोन वाजतोय... उचलत न्हाई. त्याच्या ठाण्यातली माणसं गुऱ्हाळाकडं निघालीत. त्या बाजूचं कुणी वाचत असेल तर जल्दी जा, हात जोडते. पण तिथून निघताना नीट बोला.

दादा अनवाणीच गेलाय. चपला माझ्या उंबऱ्यापाशी आहेत. जोडीनं ठेवलेल्या...

तोंडं बाहेर.