फिल्मकाकांचं मशीन

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जिच्यासोबत घडली ती माझी सख्खी मावशी. 'भास झाला असेल' म्हणाल, तर ती अजूनही अंगावर येते.

रविवारची दुपार. छोट्या हॉस्पिटलचा एक्स-रे विभाग. ओपीडी बंद. ड्युटीवर मावशी एकटी.

तिच्याआधी तिथे फिल्मकाका होते. फिल्म धुण्याच्या काळापासूनचे, म्हणून हे नाव. टायपिंग एका बोटाने. शेवटचे आठ महिने ते एकच सांगत होते, "हा कॉम्प्युटर आपलं काम सोडून दुसऱ्याच कुणाचं तरी करतोय. नुसता तापतोय."

मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! काका, मशीन नाही, तुम्ही जुने झालात."

काकांना काढलं. पंधरा दिवसांत काका वारले.

तेव्हापासून मावशीचं डोकं फिरलेलं. कारण आता तीही तेच बघत होती. फोटो उघडायला दहा-दहा मिनिटं. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायचा. आत काय चाललंय ते बघायला गेलं की... एकदम गप्प.

नजर हटवली की पुन्हा सुरू.

त्या दुपारी ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाई जिन्यावरून पडलेल्या एका बाईला घेऊन आल्या. श्वास पुरत नव्हता. मावशीने छातीचा एक्स-रे काढला.

आणि स्क्रीन अडकली.

"फोटो कुठाय?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "हिचे ओठ निळे पडतायत!"

मावशीने टेबलावर मूठ आपटली. काही उपयोग नाही. बाई कलंडायला लागली, तशी मावशी तिला धरायला पलीकडच्या एक्स-रे खोलीत धावली.

कॉम्प्युटरची खोली रिकामी.

आणि तिथून आवाज आला...

टक्. टक्-टक्.

कीबोर्डची बटणं दाबल्याचा. सावकाश. एका बोटाने.

डॉक्टरीणबाईंनी चमकून विचारलं, "आत कोण आहे?"

पंखा थांबला.

मावशी पळत गेली. खुर्चीत कुणी नव्हतं. स्क्रीनवर फोटो... स्वच्छ. एक फुप्फुस पिचकलेलं. लगेच छातीत नळी घातली. बाई वाचली.

सोमवारी कॉम्प्युटरवाला आला. तासभर खुडबुड करून म्हणाला, "कुणीतरी बाहेरून तुमच्या मशीनची ताकद चोरून क्रिप्टो, म्हणजे डिजिटल पैसा, कमावतंय. सॉफ्टवेअर लपून बसतं, शोधायला गेलं की थांबतं. जुनं दुखणं आहे. अपडेट कधी केलंच नाहीत?"

"काकांनी तीनदा लेखी मागितलं होतं," मावशी म्हणाली.

मॅनेजरने घड्याळ बघितलं. "पुढे बोला."

"पण कुणीतरी ते अधूनमधून बंद करत होतं," कॉम्प्युटरवाला पुटपुटला. "काल दुपारीसुद्धा. 'फिल्मकाका' नावाने लॉगिन करून."

काकांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.

"पासवर्ड फुटला असेल. ते खातं आधी उडवा," मॅनेजर म्हणाला.

"आधी माफी मागा!" मावशी कडाडली. "जिवंतपणी माणसाला खाल्लंत, आता नावही पुसताय?"

"मेलेल्या माणसाची कसली माफी?"

खातं उडवलं. मशीनं साफ झाली, पासवर्ड बदलले, अपडेट टाकले. फक्त मॅनेजरने 'माझं ठीक आहे' म्हणत स्वतःच्या मशीनला हात लावू दिला नाही.

परवा कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला. आवाज बारीक.

"ताई... उडवलेलं खातं पुन्हा दिसतंय. मॅनेजरसाहेबांच्या मशीनवर. रोज लॉगिन होतंय. सांगू त्यांना?"



"काकांनी आठ महिने सांगितलं," मावशी म्हणाली. "कुणी ऐकलं?"

'नको सांगू,' म्हणत तिने फोन ठेवला. रागाने की आणखी कशाने... ते तिलाही सांगता येत नाही.