रस्त्यावरची घंटा

अकोल्यात भरदुपारी कापसाच्या गोदामाची घंटा घणघणली आणि सारा बाजार पाणी घेऊन धावला. आग विझली, पण निम्म्या गाठी गेल्या. फौजदार महादेवराव पोचले तेव्हा लोकांनी रखवालदार नत्थुजीचे हात दोराने बांधले होते. त्याची बायको पार्वताबाई उन्हात बसून रडत होती. आग लावणाऱ्याला काळं पाणी ठरलेलंच.

आरोप गुमास्ता वामनरावांचा होता. मुंबईचा माणूस, परवाच अमरावतीहून गोदामाचे मालक शेटजी यांच्या रुईच्या गाठी गाड्यांतून घेऊन मागच्या आवारात उतरलेला. उद्या शेटजी गाठी फोडून पाहणार होते.

"काय पाहिलं तुमी?" महादेवरावांनी त्याला विचारलं.

"याची चिलीम गाठींवर पडली. हा मागच्या दाराने पळाला. मीच आतून घंटा वाजवली."

"पुढचं दार?"

"आतून बंद होतं. लोक जमल्यावर मी उघडलं."

"खोटं!" नत्थुजी ओरडला. "मले यानंच विहिरीवर धाडलं, साहेब. मी चिलीम पेतच नाही!"

गर्दी हसली. गर्दीचा निकाल आधीच लागलेला असतो.

महादेवरावांनी राख चिवडली. करपलेले काळे दाणे हाती आले, ते त्यांनी मुठीत ठेवले. मग बाहेर जाऊन रस्त्याकडच्या भिंतीवरची घंटा आणि तिची लोंबणारी दोरी निरखून पाहिली.

"वामनराव, दार लावून घ्या, अन् तशीच घंटा वाजवून दाखवा."

दार लागलं. आत पावलं फिरली, काहीतरी धाडकन पडलं, कोणी भिंत चाचपत होतं. घंटा काही वाजेना.

दार उघडलं तेव्हा वामनराव घामाने भिजले होते. "दोरी जळाली असेल."

"आत दोरी नव्हतीच. आतल्या माणसाले आग डोयानं दिसते, त्याले घंटा कशाले? ती बाहेरच्यांसाठी. कोणतं गोदाम पेटलं ते बाजाराले समजावं, अन् ज्याले धूर दिसला त्यानं ओढावी, म्हणून दोरी रस्त्यावर. दार आतून बंद, तर तुमी ओढली कशी?"

"मग कोणी ओढली?"

"म्या!" मैनाबाई माळीण भाजीची पाटी घेऊन पुढे आली. "मंग दार ठोकून हात सुजले माहे. हा मानूस उघडेच ना! मले कोनी इचारलंच नाही."

महादेवरावांनी मूठ उघडली. "ही सरकी, कापसाचं बी. साफ रुईच्या गाठीत सरकी कुठून आली? यानं चांगला माल अमरावतीतच विकला, गाठींत कचरा भरला. उद्या पकडला गेला असता, म्हणून आज आग लावली, अन् हा गरीब पुढे केला."

ज्यांनी नत्थुजीला बांधलं, तेच आता दोर सोडायला धावले.

"दूर व्हा," पार्वताबाई म्हणाली. गाठ घट्ट आवळलेली होती, दोर निघेना. तरी तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.