पाच मोजेपर्यंत

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू मात्र नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

तिसऱ्या मजल्यावरचं घर. हॉलमध्ये टीव्ही. टीव्हीखाली गेम खेळायचा काळा डबा, आणि समोर दोघींना जेमतेम पुरेल एवढा सोफा. दुपार कलली आहे. खिडकीतून तिरपं ऊन आत आलंय.

दिसतंय?

आता त्या सोफ्याच्या डाव्या टोकाकडे बघा.

तिथे कोणी नाही.

एवढं लक्षात ठेवा.

मी एकोणचाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर जुळलं नाही तर मला चैन पडत नाही. हे उत्तर अजून जुळलेलं नाही. ज्या सोफ्याबद्दल सांगतोय त्याच्याच शेजारी माझी खुर्ची होती, आणि जे झालं ते मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. शेजाऱ्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मास्तरांचं वय झालं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

माझ्या दोन नाती. थोरलीला सगळे ताईच म्हणायचे, मीसुद्धा. वय चौदा. धाकटी नऊ वर्षांची. ती एका जागी बसायचीच नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

दोघींची भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची.

जागा.

तुमच्याकडे असा डबा असेल तर तुम्हाला माहीत आहे. खोक्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो, पण तेवढी जागा कधीच मिळत नाही. काही जागा डबा स्वतःसाठीच ठेवून घेतो. आणि हल्लीचे गेम तर असे अगडबंब, की तीन-चार गेम ठेवले की डबा हात वर करतो. 'जागा शिल्लक नाही. काहीतरी काढून टाका.'

पण कोणाचं काढायचं?

एकदा ताईने भिंगरीचा गेम न विचारता काढला. घरात असा आकांत झाला की खालच्या मजल्यावरचे वर आले. तेव्हा मी दोघींना समोर बसवलं आणि नियम करून दिला.

ज्याचा गेम जाणार, त्यानेच बटण दाबायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

हा नियम माझा होता. हेही लक्षात ठेवा.

ताईने त्याला आपलं एक शेपूट जोडलं. काढायचं बटण दाबण्याआधी ती मोठ्याने पाच मोजायची. "एक... दोन... बघ हं, पाच झाले की गेला. मग भोकाड पसरायचं नाही. तीन..." काढायला दुसऱ्याचा हात चालायचा नाही, वाचवायला चालायचा. तेवढ्यात समोरच्याने आपल्या कंट्रोलरवर 'नाही' दाबलं तर गेम वाचला.

ताईचा गेम होता एका बेटाचा. समुद्रात एक ओसाड बेट मिळतं, ते आपण वसवायचं. ताई दोन वर्षं वसवत होती. दीपस्तंभ, पूल, टेकडीवर घर. घरात एक खोली भिंगरीची, आणि दारावर पाटी : 'भिंगरीने दार वाजवून यावे.'

बेटाने डब्यातली निम्म्याहून जास्त जागा खाल्ली होती. आणि त्या गेमची गंमत अशी, की तो काढला की वसवलेलं बेटही पुसलं जायचं. गेम पुन्हा आणता येतो. बेट नाही.

भिंगरीला हवा होता घोड्यांचा गेम. नव्वद जीबी. शिल्लक होती एकवीस.

त्या सकाळी शाळेत जाताना दोघी दारातच जुंपल्या होत्या.

"काढ ना गं तुझं बेट! दोन वर्षं झाली. म्हातारी होईपर्यंत तिथेच राहणारेस का?"

"तू माझ्या सोफ्यावर राहतेस, मी काही बोलते का?"

"आजोबा, बघा ना हिला!"

मी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. शिक्षकाला कळतं, कधी ऐकू येत नाही असं दाखवायचं ते.

शेवटी ताई सायकलची किल्ली बोटात फिरवत म्हणाली, "बरं बाई. शाळेतून आले की काढते. खूश?"

"नक्की?"

"नक्की. पावणेपाचला."

ती गेली.

पावणेपाच वाजले... पाच वाजले...

सव्वापाचला फोन आला. चौकात सायकलला ट्रकची धडक बसली होती.

पुढचं मी लिहीत नाही.

सव्वा महिना गेला. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो; तो कामाला जाऊ लागला. सून स्वयंपाक करायची आणि पाच ताटं वाढली की एक उचलून ठेवायची. हॉलच्या त्या कोपऱ्याकडे दोघंही बघत नसत.

आणि भिंगरी...

भिंगरी फिरायची थांबली होती.

मैत्रिणींकडे जात नसे. चित्रकलेचा तास तिने सोडला. शाळा सुटली की दप्तर कवटाळून धावत सुटायची ती थेट घरी. तिच्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "घरी कोणी रागावतं का हो तिला? चार वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसते."

दुसऱ्या दिवशी मीच तिला आणायला गेलो. म्हटलं, जरा मन रमवू. वाटेत वह्यापुस्तकांच्या दुकानात शिरलो.

"आजोबा, चला."

"अगं, रंगीत पेन्सिली बघ तरी."

"आजोबा, चला ना!"

"पाच मिनिटांनी काय बिघडतंय?"

तिने माझ्या हाताला कचकन चावा घेतला आणि पळाली.

मी धापा टाकत जिना चढलो. दार उघडंच होतं. टीव्ही चालू होता. भिंगरी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती, तिचा कंट्रोलर हातात. अंगभर घाम.

पडद्यावर बेटाचं चित्र होतं. त्याखाली प्रश्न.

'हा गेम काढून टाकायचा?'

आणि 'नाही'वर खूण.

"चार झाले होते, आजोबा," ती म्हणाली. "ताईने चार मोजले होते."

मुलांनो, मला वाटलं पोरगी दुःखाने भ्रमिष्ट झाली. मी तिला जवळ घेतलं. डबा आपोआप सुरू होतो, यंत्रं बिघडतात, असं समजावत बसलो. ती फक्त म्हणाली, "उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पद्धतीने तयारी केली. ताईच्या कंट्रोलरमधले दोन्ही सेल काढले आणि मुठीत धरले. तो रिकामा कंट्रोलर सोफ्याच्या डाव्या टोकाला ठेवला. भिंगरी उजव्या टोकाला. मी खुर्चीत.

चार त्रेचाळीस.

पंख्याचा आवाज. खाली कोणीतरी बादली सरकवली.

चार चव्वेचाळीस.

खालून सायकलचा स्टँड लावल्याचा आवाज आला... खट्ट.

सायकल पार मोडून गेली होती. भंगारात मीच दिली होती.

मग जिन्यात... दप्तर कठड्याला घासत येत होतं. पहिला मजला. दुसरा. पावलं मात्र वाजत नव्हती. फक्त दप्तर.

दार उघडलं नाही.

डबा 'टुंग' करून सुरू झाला.

सोफ्याची डावी गादी... हळूच दबली.

रिकाम्या कंट्रोलरवरचा दिवा लागला. सेल माझ्या मुठीत होते. मी मूठ उघडून पाहिली. दोन्ही होते.

टक... टक... टक...

पडद्यावरची खूण एकेक गेम ओलांडत गेली. बेटावर थांबली.

'हा गेम काढून टाकायचा?'

खूण 'हो'वर गेली. आणि थांबली.

आवाज कसलाही नव्हता. पण भिंगरीचे ओठ हलत होते. एक... दोन... तीन...

तिने 'नाही' दाबलं.

गादी वर आली. दिवा विझला. संपलं.



"रोज?" मी विचारलं.

"रोज." ती शर्टाच्या बाहीला नाक पुसत होती. "मी तिला सांगते, ताई, मला घोडे नकोत, राहू दे. ती ऐकतच नाही. नक्की म्हणाली होती ना ती. मला एक दिवस उशीर झाला तर बेट जाईल, आजोबा. माझी खोलीपण जाईल."

"मग तूच एखाद दिवशी ते..."

"मी कशी काढू? ज्याचा गेम त्यानेच. तुम्हीच सांगितलंत."

मी रात्रभर जागा होतो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त त्या नऊ वर्षांच्या पोरीचा विचार येत होता. आज ना उद्या तिला ताप येईल, पाऊस येईल, शाळा उशिरा सुटेल. रोज धावून रोज वेळेवर कोण पोचतं?

आणि मग गणिताच्या मास्तराला गणित सुचलं.

सकाळी मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. "भिंगरे, इकडे ये. ताई काय कबूल करून गेली? बेट काढीन, असं?"

"हो."

"नाही. नीट आठव. तुला काय हवं होतं?"

तिने विचार केला. "जागा."

"शाब्बास. घोड्यांना नव्वद हवी. आहे एकवीस. तुझे दोन गेम केवढे?"

"एक अडतीस. एक चौतीस."

"बेरीज कर."

तिने बोटांवर केली. "त्र्याण्णव!" कित्येक दिवसांनी तिचा चेहरा फुलला. "आजोबा, मावतंय! माझे दोन काढले की बेटाला हातच लावायला नको!"

"आणि ताईला काढायला यायला नको. बिचारी मोकळी होईल."

हे वाक्य मी बोललो. मी.

त्या संध्याकाळी, शेवटचं 'नाही' दाबून झाल्यावर, तिने आपले दोन्ही गेम काढले. बटण स्वतः दाबलं, दोन्ही वेळा पाच मोजून. घोड्यांचा गेम रात्रभर उतरत होता. सकाळी पडद्यावर पांढरा घोडा उभा होता. बेटही जागच्या जागी होतं.

त्या दिवशी पावणेपाचला आम्ही दोघं बसलो.

सायकल वाजली नाही.

जिन्यात काही नाही.

पाच वाजले. गादी तशीच. दिवा तसाच.

मी मनातल्या मनात हात जोडले. सुटली पोरगी. दोन्ही पोरी सुटल्या.

दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. तिसऱ्याही. भिंगरी आता धावत येत नव्हती. पाय ओढत येत होती. घोड्यांचा गेम तिने एकदाही उघडला नाही.

चौथ्या दिवशी तिने मला विचारलं, अगदी हळू आवाजात.

"आजोबा, ती परत कधी येणार?"

"बाळा, आता तिला यायची गरज नाही. तिचं काम झालं."

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात मुलं असं बघतात, आपण फळ्यावर चुकीचं गणित सोडवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की.

"ती रोज यायची," भिंगरी म्हणाली. "रोज येऊन माझ्या शेजारी बसायची. तुम्ही मला बेरीज का करायला लावलीत?"

हेच ते गणित, अजून न जुळलेलं. तिला भीती वाटते, असं मी धरून चाललो होतो. ती धावत यायची ते बेट वाचवायला, एवढंच मला दिसलं. कोणीतरी घरी वाट बघतंय म्हणूनही माणूस धावतं, हे माझ्या गणितात आलंच नव्हतं.

मी तिथून उठून गेलो. गॅलरीत उभा राहिलो. मोठी माणसं रडायला गॅलरीत जातात.

परत आलो तेव्हा भिंगरी डब्यासमोर बसली होती.

तिने घोड्यांचा गेम काढून टाकला होता. तिचाच होता तो, नियमात बसत होतं. आणि तिचे जुने दोन गेम परत उतरवायला लावले होते. ते उतरायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. अडतीस आले. चौतीस आले. शिल्लक राहिली एकवीस, पहिल्यासारखी.

साडेचार वाजता तिने पुन्हा घोडे मागवले.

'जागा शिल्लक नाही. काहीतरी काढून टाका.'

ती अक्षरं तिने पडद्यावर तशीच राहू दिली. ताईचा कंट्रोलर फडक्याने पुसला आणि सोफ्याच्या डाव्या टोकाला ठेवला. सेल घातले नाहीत.

मग आपला कंट्रोलर मांडीवर घेऊन ती बसली. घड्याळाकडे पाहिलं. चार चव्वेचाळीस झाले होते.

आणि ती उजवीकडे थोडी सरकून बसली.