चौथ्या रविवारची मेणबत्ती

"दीदी, नाताळ आजच आहे काय?"

मागच्या बाकावरून आवाज आला आणि माझ्या हातातली काडी तशीच जळत राहिली. नाताळच्या आधी चार रविवार येतात. हिरव्या पानांच्या चक्रातल्या चार मेणबत्त्यांपैकी दर रविवारी एकेक वाढवत जायची, हे रविवारच्या शाळेतल्या चिमुरड्यांनाही ठाऊक असतं. आज पहिलाच रविवार, आणि मी चारही पेटवून बसले होते. त्या चिमुरड्यांना हे शिकवणारी मीच!

"घाईत झालं," मी पुटपुटले. मग लक्षात आलं... हा मराठीत बोलला. आमच्या जबलपूरच्या चर्चमध्ये प्रवचन, गाणी, भांडणं, सगळं हिंदीत चालतं. मराठी फक्त घरी, आईपुरती.

"मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"पहिली काडी विझली तेव्हा तुम्ही मराठीत चिडल्या ना."

त्याचे डोळे आधी हसले, मग ओठ. मी उगाच मेणबत्त्यांकडे वळले आणि जास्तीच्या तीन विझवल्या.

"आणि दीदी नका म्हणू."

"अच्छा? मग काय म्हणू?"

"अमिता."

तो धनेश. नागपूरचा, इथल्या रांझी भागातल्या फॅक्टरीत ट्रेनिंगला आलेला. पुढच्याच सरावाला तो गायकवृंदात दाखल झाला आणि नेमका माझ्या मागे उभा राहू लागला. त्याचा खालचा सूर माझ्या पाठीशी यायचा आणि मी माझी ओळ विसरायची. हेसुद्धा मी घाईवरच ढकललं.

घाई खरीच होती. मी शिकवते त्या शाळेच्या सहामाहीचे पेपर, मुलांचं नाटक, घरोघरी गाणी म्हणायला जाणारी मंडळी, गव्हाणीचा देखावा. कोणी 'अमिता, एवढं बघशील?' म्हटलं की माझं 'हो' तयार. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं. देवाचं काम आहे, तोच निभावून नेईल, असं स्वतःला सांगत मी धावत होते.

तिसऱ्या रविवारी सराव चालू असताना माझ्या हातातली गाण्यांची वही खाली पडली. श्वास पुरेना. धनेशने मला बाहेर पायऱ्यांवर, उन्हात बसवलं. पाण्याची बाटली पुढे केली. श्वास जागेवर आला तेव्हा मी रडत होते.

"एवढं काहून करून राहिली?"

"प्रभूसाठीच करतेय ना..."

"त्यानं मागितलं काय? तो तर स्वतः गर्दी सोडून डोंगरावर जाऊन बसायचा. तू कधी बसली?"

"म्हणजे मी नुसती प्रार्थना करत बसू?"

"प्रार्थना कर. अन् डॉक्टरलाही दाखव. दोन्ही चालते त्याला." मग हळूच म्हणाला, "डोंगर तर मदन महालला आहेच तुमच्या. चल ना माझ्यासोबत."

"नाताळ होऊ दे," मी सवयीने म्हटलं.

तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. "मी चौथ्या रविवारी जाऊन राहिलो, अमिता. ट्रेनिंग संपलं. संध्याकाळची गाडी आहे."

त्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले, पेपर तपासले, आणि घरी रोज थोडा वेळ नुसती बसले. प्रभूजवळ काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर धनेशचंच नाव ओठांवर आलं असतं.

चौथ्या रविवारी चारही मेणबत्त्या रीतसर पेटल्या. चर्च सुटल्यावर मी नाटकाच्या सामानाची किल्ली चर्चमधल्या हेमलता मौसींच्या हातात ठेवली. त्या बघतच राहिल्या. "तबीयत तो ठीक है ना, बेटा?"

"अब ठीक है, मौसी."

दुपारी मदन महालच्या डोंगरावर वारा गार होता. धनेशने खिशातून जवळच्या पनागर गावच्या मटाराच्या शेंगा काढल्या. आम्ही सोलत बसलो, आणि मला कसलीच घाई नव्हती.

"तू मला आवडतोस," मी म्हटलं. शेंगेकडे बघून.

"मला सांगून राहिली की मटाराला?"

मी वर पाहिलं. "तुला."

त्याचं हसू गेलं. माझी बोटं त्याने अलगद हातात घेतली. "मला तर पहिल्याच रविवारी... तू तीन मेणबत्त्या विझवल्या ना, तेव्हा."

मदन महाल स्टेशनावर गाडी वेळेवर आली. नेमकी आजच.

"ईस्टरला आईला घेऊन येतो," तो दारातून म्हणाला. "वाट पाहशील? की पुन्हा चारही एकदम पेटवशील?"

"पाहीन वाट." गाडी हलली. मी दोन पावलं तिच्याबरोबर चालले. "पण लवकर ये..."

गाडी दिसेनाशी झाली तेव्हा फोन वाजला. मौसी विचारत होत्या, गव्हाणीवरचा तारा कुठे टांगायचा.

"तुम्हाला आवडेल तिथे," म्हणून मी फोन बंद केला. मला धनेश आत्ता हवा होता, फलाटावरच्या या बाकावर, माझ्या शेजारी. ओढणीच्या टोकाला थोडे मटार बांधलेले होते. मी ते एकेक करून खाल्ले, सावकाश.